फक्त प्रार्थना करा

एस्तेरबाईंनी डोळे मिटले, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, तशा गोल करून बसलेल्या बाकीच्या बायकांनी हळूच आपापली मांडी बदलून घेतली. एस्तेरबाईंची प्रार्थना सुरू झाली की नीट टेकून बसायचं, हे महिला मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

“हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, तू आम्हांला हा बुधवार दाखवलास म्हणून तुझे आभार मानते.”

आयुष्यभर चौथीचा वर्ग सांभाळलेला तो आवाज साधनाच्या बैठकीच्या खोलीत मावत नव्हता. आधी शकुबाईंच्या सुनेची वाढलेली साखर झाली. मग चर्चच्या पाळकसाहेबांचा खोकला झाला, आणि थंडीने अजून जात नाही तो, प्रभू, असंही सांगून झालं. शरणपूरच्या गल्लीतल्या खोदून ठेवलेल्या रस्त्याचीही आठवण देवाला करून दिली गेली. बायका मधूनमधून ‘हो प्रभू’ म्हणत होत्या. बाहेर भंगारवाल्याची आरोळी येऊन गेली.

“आणि आता, प्रभू, आपल्या साधनाची अंजली तुझ्या चरणांशी ठेवते. ती पुण्याहून माहेरी आली आहे ती सहज म्हणून नाही, हे तू जाणतोस. पाचव्या महिन्यात तिची कूस रिकामी झाली, प्रभू. डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोकेच लागत नाहीत. लेकरू जेवत नाही. नवऱ्याचा, ज्ञानेशचा फोन आला तर घेत नाही. आणि प्रभू, ती तुझ्यावरही रुसली आहे. आल्यापासून तिने बायबल उघडलेलं नाही—”

साधनाने एस्तेरबाईंच्या हाताला स्पर्श केला. एस्तेरबाईंना वाटलं, गहिवर आला असेल. त्यांनी तो हात घट्ट धरला आणि आवाज आणखी मऊ केला. एवढ्यात कप एकमेकांवर किणकिणल्याचा आवाज आला.

एस्तेरबाईंनी प्रार्थनेच्या मध्येच डोळे उघडले. असं त्यांनी कधी केलेलं कुणाला आठवत नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात अंजली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती पुढे आली, कुणाच्याही पायाला धक्का न लावता मधून वाट काढून तिने ट्रे टीपॉयवर ठेवला, एक कप कडेला सरकला होता तो नीट केला, आणि आतल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही. फक्त कडी लागल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“येशूच्या नावाने मागते, आमेन,” एस्तेरबाई घाईने म्हणाल्या.

शेवटची प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हटली. चहा तसाच निवाला. निघताना एस्तेरबाई मुद्दाम मागे राहिल्या. फाटकापाशी साधना त्यांच्याकडे न बघता म्हणाली,

“ताई, मी तुम्हांला काय सांगितलं होतं?”

“कुणाला सांगू नका, फक्त प्रार्थना करा, असं म्हणालीस.”

“मग?”

“मग मी प्रार्थनाच केली ना गं.”

साधनाने फाटक लावून घेतलं, आणि लावताना एस्तेरबाईंचा पदर त्यात अडकला तो मात्र हलक्या हाताने सोडवून दिला.

घरी जाताना एस्तेरबाईंचं मन मानायला तयार नव्हतं. आपण वाईट काय मागितलं? देवाजवळ मोघम बोललेलं त्यांना कधीच आवडलं नव्हतं. ‘सर्वांचं भलं कर’ म्हणून उठणाऱ्या माणसांना त्या म्हणत, “अहो, पोस्टमनला सुद्धा पूर्ण पत्ता लागतो.” साधनाने कॅनडा कॉर्नर चौकातल्या भाजीवाल्यापाशी त्यांचा हात धरून ती गोष्ट सांगितली, त्या दिवशी त्या घरी येऊन खरोखर रडल्या होत्या. अंजली त्यांच्या संडे स्कूलची. नाताळच्या नाटकात मेंढराचं काम करताना झोपून गेलेली. तिच्यासाठी त्यांनी रोज गुडघे टेकले होते. मग ते मंडळात सगळ्यांनी मिळून केलं तर बिघडलं कुठे? दोघे-तिघे एकत्र आले तर देव ऐकतो, हे काय त्यांनी स्वतःच्या मनाचं काढलं होतं?

पण संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘आपली लाडकी अंजली हिच्या दुःखासाठी प्रार्थना करा’ असं टाकलं होतं, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. दुसऱ्या दिवसापासून साधनाच्या घरी माणसं येऊ लागली. येणारी सगळी मायेचीच होती, आणि हीच अडचण होती. एकीने आपल्या नणंदेचं असंच कसं झालं होतं ते सगळं सांगितलं. दुसरीने गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. शकुबाई मूळच्या पेठ तालुक्याकडच्या, मनाने अगदी लोणी. त्या डबाभर डिंकाचे लाडू घेऊन आल्या.

“खाय पोरी. अंगात ताकद नाय ऱ्हायली तुझ्या. लय इचार करू नको, देव पुन्हा देईन.”

अंजलीने डबा घेतला. बाळंतिणीला देतात ते लाडू. तिने डबा फडताळात ठेवला आणि दिवसभर खोलीबाहेर आली नाही, असं साधनाच्या शेजारणीकडून एस्तेरबाईंना कळलं.

रविवारी उपासनेला दोघी मायलेकी आल्या. एस्तेरबाई गायकवृंदात समोर उभ्या असत, त्यामुळे त्यांना सगळं दिसत होतं. बाकांच्या रांगेतून आत येता येता अंजलीचा हात किती जणींनी दाबला, किती जणींनी मान कलती करून तिच्याकडे पाहिलं, ते दिसत होतं. दुसरं गीत संपायच्या आत अंजली उठली. साधना तिच्यामागून उठली. एस्तेरबाईंचं गाणं चालू होतं, तोंडातून शब्द बरोबर येत होते, आणि त्या दोन पाठमोऱ्या आकृती दाराच्या उजेडात लहान होत गेल्या.

पुढच्या बुधवारी साधना मंडळात आली नाही.

बैठक संपल्यावर पाळकसाहेबांची बायको स्नेहल एस्तेरबाईंबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली. वयाने लेकीसारखी, चर्चच्या मंडळीत येऊन तिला फार काळ झाला नव्हता. ती कान उपटणार, अशी एस्तेरबाईंनी मनाची तयारी केली होती. उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण स्नेहल हसत म्हणाली,

“बाई, तुम्हांला एक सांगू? मी इथे नवीन आले ना, तेव्हा मला कुणाची ओळखच करून द्यावी लागली नाही. कोण कुणाची जाऊ, कुणाचा मुलगा कुठे नोकरीला, शकुबाईंच्या धाकट्याचं ठरलेलं लग्न का मोडलं, सगळं मला तुमच्या प्रार्थनेतूनच कळलं.”

एस्तेरबाई खळखळून हसल्या. हसता हसता दोन पावलं पुढे गेल्या, आणि मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. स्नेहल तोपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कोथिंबिरीच्या जुड्या बघायला वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तेरबाई नेहमीप्रमाणे गॅसवर दूध ठेवून स्वयंपाकघरातच खुर्चीवर प्रार्थनेला बसल्या. थंडी होती, शाल अंगाभोवती घेतली. “प्रभू, अंजलीला तुझ्यापुढे ठेवते,” त्या म्हणाल्या. मग सवयीने पुढे निघाल्या, “पाचव्या महिन्यात तिची...” आणि थांबल्या. डोळे उघडून समोर पाहिलं. समोर रिकामी खुर्ची होती, तिच्यावर वाळलेले कपडे. पाचवा महिना होता हे देवाला सांगायला नको होतं. डॉक्टर काय म्हणाले हेही नको होतं. ते सगळं काढून टाकल्यावर काय उरलं, ते त्या शोधत राहिल्या. “तिला सांभाळ,” एवढंच उरलं. मग त्यांनी कतारला असलेल्या आपल्या मुलाचं नाव घेतलं. “किशोरला सांभाळ.” त्यापुढे त्यांच्यापाशी तपशील नव्हताच. तो काय खातो, कुणाशी बोलतो, नाताळला नुसता फोटो का पाठवला, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलं तर ‘फार कामात असतो’ असं त्या सांगत.

प्रार्थना संपली तेव्हा दूध अजून वर आलं नव्हतं.

शनिवारी दुपारी साधना पिशवी घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागलेली त्यांनी पाहिली आणि त्या उलट दिशेने तिच्या घराकडे निघाल्या. दार अंजलीने उघडलं. केस कसेतरी वर बांधलेले, अंगात वडिलांचा जुना स्वेटर.

“आई नाहीये, मावशी.”

“ठाऊक आहे. ती बाहेर पडलेली पाहूनच आले.”

अंजली क्षणभर तशीच उभी राहिली. मग मोठ्यांना दारातून परत न पाठवण्याचं वळण आड आलं असावं. ती बाजूला झाली. खाली चटईवर वर्तमानपत्र पसरून मटारच्या शेंगांचा ढीग घातला होता. अंजली परत त्याच्यापाशी जाऊन बसली. एस्तेरबाईही भिंतीला धरून खाली बसल्या आणि त्यांनी एक शेंग उचलली.

“मी चुकले, बाळा,” एस्तेरबाई म्हणाल्या. वाटेत त्यांनी बरंच काही ठरवलं होतं, पण तेवढंच आलं. “तुझं होतं ते. मी चारचौघींत मांडलं.”

“चारचौघींत नाही मावशी, देवापुढे,” अंजली म्हणाली. तिच्या बोलण्यात धार होती, पण ती फार वेळ टिकली नाही. बोटांत शेंग तशीच धरून ती म्हणाली, “तुम्ही त्याला सगळं सांगितलंत. कितवा महिना, काय झालं, डॉक्टर काय म्हणाले. ते तर फायलीत पण लिहिलंय. सगळे येतात आणि तेवढंच विचारतात. कधी कळलं, आधी काही त्रास होता का, सोनोग्राफी केली होती का.”

एस्तेरबाईंनी मान खाली घातली. यांतले दोन प्रश्न त्यांच्याही मनात होते.

“आम्ही बाळाला हाक मारायचो,” अंजली म्हणाली. “ज्ञानेश ऑफिसातून आला की आधी बाळाला हाक मारायचा, मग मला. नाव ठेवलं होतं आम्ही. ते कुणी विचारलंच नाही.”

मुलगा होता की मुलगी, हे एस्तेरबाईंच्या अगदी ओठावर आलं. हे नाव कुणी सुचवलं, सासरी माहीत आहे का, हेही त्यामागे येऊन उभं राहिलं. त्यांनी शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले, दुसरी शेंग घेतली, तीही मोडली. मग अंजलीकडे पाहिलं.

अंजलीने नाव सांगितलं.

हळूच सांगितलं, जवळजवळ मटारांनाच. एस्तेरबाईंनी ते एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, नीट आलं का ते. अंजलीचं त्यांच्या ओठांकडे लक्ष होतं. तिने मान हलवली. बरोबर आलं होतं.

“कुणाला सांगू नका.”

“नाही.”

“प्रार्थनेतसुद्धा नाही.”

एस्तेरबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. “प्रार्थनेतसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “मनात घेतलं तर चालेल?”

अंजलीने हातातली शेंग मोडली. “मनात चालेल.” मग सालं गोळा करत म्हणाली, “मला नाही जमत आता. डोळे मिटले की रागच येतो नुसता. काय बोलू त्याच्याशी?”

या प्रश्नाला एस्तेरबाईंपाशी निदान पाच-सहा वचनं तयार होती. शोकात देव जवळ असतो त्याबद्दलची होती, रडण्याच्या रात्रीनंतर येणाऱ्या पहाटेबद्दलची होती. चौथीच्या वर्गाला कविता शिकवावी तशी ती त्यांनी किती घरांतून म्हणून दाखवली होती. त्यांनी आपला हात पुसला आणि अंजलीच्या पाठीवर ठेवला.

“तू राग धर,” त्या म्हणाल्या. “मागायचं काम तोवर मी करते.”

साधना परत आली तेव्हा दोघी मटार सोलून संपवून बसल्या होत्या. ती दारात थबकली. एस्तेरबाई उठायला लागल्या, तर साधना पिशवी खाली ठेवत म्हणाली, “बसा ताई, चहा टाकते.” एवढंच. पण त्या दोघी काय बोलल्या, हे तिने विचारलं नाही, आणि एस्तेरबाईंनी सांगितलं नाही. एकमेकींना ओळखू लागल्यापासून असं प्रथमच घडत होतं.

त्यानंतरचा बुधवार एस्तेरबाईंच्या घरी होता. त्यांनी सकाळीच सतरंजी झटकून घातली, खुर्च्या भिंतीला लावल्या. बायका आल्या, स्नेहल आली, शेवटी साधना आली. तिच्यामागे अंजली होती. ती आत न येता दाराजवळच टेकली, चपला हाताशी राहतील अशी. शकुबाई तिच्याकडे सरकायला निघाल्या होत्या. साधनाने त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं.

गीत झालं, शास्त्रपाठ झाला. मग स्नेहल म्हणाली, “आज असं करू या का? जिच्यासाठी प्रार्थना करायची तिला मनात धरायचं. मोठ्याने बोलायलाच पाहिजे असं नाही. ज्यांना बोलावंसं वाटेल त्यांनी बोलावं.”

आणि सवयीने सगळ्यांचे चेहरे एस्तेरबाईंकडे वळले. सुरुवात त्यांनीच करायची हे ठरलेलं होतं.

एस्तेरबाईंनी डोळे मिटले, हात मांडीवर उताणे ठेवले. बायकांनी मांडी बदलून घेतली.

काहीच ऐकू आलं नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी खाकरलं. रस्त्यावरून एक रिक्षा फटफटत गेली, तिचा आवाज पार लांब जाऊन विरेपर्यंत ऐकू येत राहिला. एस्तेरबाईंचे ओठ मिटलेले होते. आत एक छोटंसं नाव होतं, त्याला ना पत्ता ना तपशील. ते त्यांनी एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, आणि प्रत्येक वेळी ते घेऊन झाल्यावर आणखी काही सांगायचं राहिलं आहे असं त्यांना वाटलं नाही.

शकुबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. “बाई,” त्या कुजबुजल्या, “बरं हाय ना तुम्हांला?”

एस्तेरबाईंनी डोळे न उघडता मान हलवली. दोघी-तिघी हसल्या, आणि त्या हसण्याने खोलीतला ताण गेला. मग शांतता परत आली; पण आता तिच्यात कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. कुणाचा तरी श्वास जड झाला, कुणी नाक पुसलं. कोण कुणासाठी मागत होतं, कळायला मार्ग नव्हता.

“प्रभू,” दाराजवळून आवाज आला.

आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला.

“प्रभू,” अंजली म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, “एस्तेरमावशी.”

सगळ्या पुढचं ऐकायला थांबल्या. एस्तेरमावशींचं काय, गुडघे का, रक्तदाब का, मुलाचं काही का? पुढे काही नव्हतं. अंजलीला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं.

“आमेन,” शकुबाई म्हणाल्या. मग एकेक करून बाकीच्या म्हणाल्या.

या मंडळात आजवर कितीतरी नावं घेतली गेली होती, आणि त्यांतली निम्मीअधिक एस्तेरबाईंनीच घेतली होती. त्या मनात मागे मागे जाऊन शोधत होत्या. आपलं नाव असं कुणी देवापुढे नेलेलं त्यांना आठवेना. तुमच्यासाठी काय मागू, असं कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

बायका उठल्या. सतरंजीवर बांगड्यांचा, निऱ्या झटकल्याचा आवाज झाला. आज यजमानीण एस्तेरबाई होत्या, चहा त्यांनी करायचा होता. पण त्या उठल्या नाहीत. स्वयंपाकघरात कुणीतरी गॅस पेटवला, भांडी हलवली, आणि साधनाचा आवाज आला, “अंजू, बघ गं, साखरेचा डबा कुठे ठेवतात ताई?”

अंजली त्यांच्या अंगावरून आत गेली. एस्तेरबाई तशाच बसून होत्या, डोळे मिटून, हात मांडीवर उताणे.